गुडघेदुखी असलेल्यांनी एकत्र जमून व्यायाम केला तर खरंच फरक पडतो का? (सोलापूरकरांचे अनुभव हवेत)

अनुजा_जुळेसो | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, तेही बहुतेक उभ्यानंच. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे धरलेत, उजवा जास्त. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, 'झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही, मांड्यांचे व्यायाम करा' असं सांगितलं आणि एक छापील कागद दिला. तो कागद फ्रिजवर लावलाय. पाच दिवस आई घड्याळ लावून करते. सहाव्या दिवशी नळाला पाणी येतं, आणि पाण्याचा दिवस म्हणजे घरात दुसरं काही होत नाही हे तुम्हाला सांगायला नको. सातव्या दिवशी कुणीतरी येतं. मग कागद तिथंच राहतो आणि आई परत तेल चोळत बसते. हे आत्तापर्यंत चार वेळा झालंय.

परवा सोसायटीत हळदीकुंकवाला बसलो होतो. उठताना प्रत्येक बाईनं जमिनीला हात टेकला आणि 'आई गं' म्हटलं. मी सहज मोजलं, गुडघे-कंबर-खांदे धरलेल्या अकरा जणी निघाल्या. तेव्हा डोक्यात आलं की या सगळ्यांनी एकत्र जमून व्यायाम केला तर? जवळच्या देवळाचा सभामंडप सकाळी दहानंतर रिकामाच असतो.

मला हे विचारायचंय. एकत्र केल्यानं खरंच काही वेगळं होतं का, की आठ दिवसांचा उत्साह? आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं असताना सगळ्यांना एकच व्यायाम चालतो का? भीती आहे म्हणून विचारतेय. चांगलं करायला जायचं आणि कुणाचा तरी गुडघा सुजायचा.

होटगीरोड | ३ नोव्हेंबर, रात्री १०.०२

करा सुरू. माझ्या सासूबाईंनाही पाठवते, तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो आम्ही.

निवृत्त_कारकून | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

अनुजाताई, माझं वय ७१. गेली नऊ वर्षं सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं रोज पहाटे चालतो, गुडघे शाबूत आहेत. चालण्यासारखा व्यायाम नाही. खुर्चीत बसून पाय हलवण्यानं काय होणार? आईंना हळूहळू चालायला लावा, सगळं मोकळं होईल.

मूळचा_सोलापूरचा | ४ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

माझ्या वडिलांना आम्ही असंच एका सकाळच्या वर्गात घातलं होतं. नाव घेत नाही, माणसं चांगलीच होती. पण पन्नास लोक, समोर एक शिक्षक, आणि सगळ्यांना एकच हुकूम: 'वज्रासनात बसा.' वडिलांना सांगवेना की मला जमत नाही. शेजारचा पंचाहत्तरीचा माणूस बसला म्हणून हेही बसले. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा. तीन आठवडे काठी घेऊन फिरले आणि त्यानंतर 'व्यायाम' शब्द काढला की अंगावर यायचे. त्यांचा गुडघा बरा झाला, पण व्यायामाबद्दल बसलेली भीती शेवटपर्यंत गेली नाही.

घोळक्यात माणूस आपलं अंग ऐकत नाही, शेजाऱ्याकडे बघतो. त्यामुळं समूह म्हटलं की मला काळजी वाटते.

शेंगाचटणी | ४ नोव्हेंबर, दुपारी १.१०

काका, चालणं सगळ्यात भारी हे खरं. पण ज्या माणसाला घरातून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाववत नाही त्याला तळ्याला वेढा घाल म्हणून कसं सांगायचं ओ? माझी आत्या आधी खुर्चीतनं उठायला शिकली, आता चालालालीय.

सांधेजोड | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच काम करते. धागा वाचून राहवलं नाही. जरा मोठं लिहिते.

आधी एक गैरसमज. माझ्याकडे येणारा दर दुसरा पेशंट सांगतो, 'गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता हलवलं की आणखी झिजणार.' म्हणून तो हलवायचंच बंद करतो. प्रत्यक्षात उलटं आहे. हाडांच्या टोकावर जी मऊ कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला खाऊपिऊ मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर होतो सांध्यावर दाब पडतो-सुटतो तेव्हा. गुडघा वापरला नाही तर कूर्चेची उपासमार होते आणि मांडीचा स्नायू वाळतो. मांडी वाळली की प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर. मग आणखी दुखतं, म्हणून माणूस आणखी बसतो. हे चक्र कुठंतरी तोडायला लागतं.

दुसरं, एक्स-रेतली झीज आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. फिल्म बघून मी हादरते आणि बाई जिना चढून आलेल्या असतात. फिल्म बरी दिसते आणि माणसाला उठवत नाही, असंही बघते. म्हणून 'गॅप कमी झालाय' ऐकून हातपाय गाळू नका.

आता मुद्दा समूहाचा. डेन्मार्कमध्ये २०१३ साली 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, गुडघे आणि खुब्याच्या झिजेसाठी. त्यात दोन बैठका माहितीच्या आणि बारा व्यायामाच्या, आठवड्याला दोन, सहा आठवडे, छोट्या गटात फिजिओच्या नजरेखाली. नंतर तो बऱ्याच देशांत गेला. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही झिजेच्या संधिवातासाठी व्यायाम हा मुख्य उपचार धरलाय आणि तो कुणाच्या देखरेखीखाली करता आला तर बघावं असं म्हटलंय. तिथंच हेही स्पष्ट लिहिलंय की सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं. ही गोष्ट पेशंटला आधी सांगितली नाही तर तो चौथ्या दिवशी पळतो.

फायदा किती? प्रामाणिकपणे सांगते. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्याच्या ५४ चाचण्या होत्या, दुखणं कमी होतं आणि हालचाल सुधारते असं निघालं. २०२४ मध्ये त्याच आढाव्याची नवी आवृत्ती आली, १३९ चाचण्यांची. तिथंही फायदा दिसतो, पण सरासरीत तो माफक आहे. चमत्कार होत नाही. समूहात केलं म्हणजे एकट्यानं केल्यापेक्षा स्नायू जास्त बळकट होतो असंही नाही. स्नायूला शेजारी कोण बसलंय ते कळत नाही. फरक पडतो तो माणूस टिकण्यात. अनुजाताई, तुमच्या आईंचा तो फ्रिजवरचा कागद चुकीचा नव्हता. त्या कागदाला 'काल का आला नाहीत?' असं विचारता येत नव्हतं, एवढंच.

'मूळचा_सोलापूरचा' यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. त्याबद्दल उद्या लिहिते, आता डोळे मिटतायत.

तेंदूपान | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

'काल का आला नाहीत?' हे वाचून इथं थांबले.

आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा, आणि पाय दुमडलेले. हजार विड्या होईपर्यंत त्या बैठकीतून ती जेवायला आणि पाणी भरायला उठते तेवढीच. गुडघे तर गेलेच, पण तुम्ही हाताची बोटं बघितलीत तर लक्षात येईल. अंगठ्याच्या बुडाला गाठ आलीय, कात्री धरली की कळ जाते.

आईला मी 'व्यायाम कर' म्हटलं की ती म्हणायची, 'दिवसभर काय करते मग मी?' तिचं चुकत नव्हतं. अंग दमून जातं, पण त्यातला एकही स्नायू नीट वापरलेला नसतो, हे तिला कसं पटवणार?

आमच्या गल्लीत मग असं झालं की शेजारच्या चार बायका दुपारी अंगणात एकत्रच विड्या वळत बसायच्या. त्यातल्या एकीच्या मुलीनं, ती नर्सिंग शिकते, सांगितलं की दर तासाला पाच मिनिटं सूप खाली ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उठायचं. एकटी उठली तर तिच्या विड्या मागं पडतात, दहा मागं पडल्या तरी तिला त्या पैशाला दिसतात. सगळ्या उठल्या तर कुणीच मागं पडत नाही. समूहाचा आमच्याकडचा फायदा हा आहे आणि तो मी कुठं वाचलेला नाही.

त्या पाच मिनिटांत काय करतात? भिंतीला धरून टाचा वर-खाली, पायरीवर एक पाय चढवून उतरवणं, हाताची बोटं पसरून मूठ, आणि मनगट फिरवणं. बास. वर्ष झालं. आईचा गुडघा बरा झालेला नाही. पण रात्री झोपेतून उठून पाय चोळत बसायची, ते आठवड्यात एखाद्या वेळेवर आलंय.

शेंगाचटणी | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.४१

तेंदूपान ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचनखूण साठवली.

मागावरचा | ५ नोव्हेंबर, रात्री ११.५५

पाळी संपवून आत्ता बसलो. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी. यंत्रमागावर तीस वर्षं टॉवेल काढले. आमचं दुखणं विडीवाल्या बायकांच्या उलट, त्या बसून जातात आणि आम्ही उभं राहून. चार मागांमध्ये येरझाऱ्या, खाली फरशी, त्यात एका पायावर भार द्यायची सवय. माझा डावा गुडघा आणि कंबर.

आमच्या इथं सात-आठ जण आठवड्यातनं तीनदा संध्याकाळी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये जमतो. एक फिजिओ महिन्यातनं दोनदा येऊन बघून जातात. पहिला व्यायाम सगळ्यांचा एकच: सतरंजीवर पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची आणि पाच मोजायचे. टॉवेल अर्थात आमचेच, बारीक डागामुळं बाजूला पडलेले.

गंमत मोजण्यात आहे. एक जण तेलुगूत मोजतो, ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. दुसरा कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. चारपर्यंत नुसता गलका. पण पाचाला दोन्ही भाषांत 'ऐदु'च आहे. त्यामुळं ऐदुला सगळे एकदम ओरडतात आणि एकदम सोडतात. मराठीवाला एक जण आहे, तो पण आता ऐदुच म्हणतो.

डॉक्टर, आम्ही मोठ्यानं ओरडतो ते चालतं ना? शेजारचे वैतागलेत.

सांधेजोड | ६ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

चालतं काय, तसंच करायला हवं! जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि रक्तदाब चढतो. मोठ्यानं मोजलं की श्वास कोंडताच येत नाही. मी पेशंटला घसा ताणून मोजायला लावते. शेजाऱ्यांना माझ्यातर्फे सांगा.

आता काल राहिलेलं. वज्रासन.

गुडघ्याची झीज असलेल्या माणसाला पूर्ण दुमडून बसवणं हा व्यायाम बरेच वेळा चुकीचा असतो, आणि पन्नास जणांत एक शिक्षक म्हणजे कुणाकडेच लक्ष नाही. माझा अनुभव असा की एका नजरेत दहा-बारा माणसं मावतात, त्यापुढं नाही. आणि प्रत्येक व्यायामाच्या दोन-तीन पायऱ्या आधीच ठरलेल्या हव्यात. उदाहरणार्थ खुर्चीतून उठणं-बसणं. ज्याला जमत नाही त्यानं खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची आणि हातांनी रेटा द्यायचा. ज्याला जमतं त्यानं हात छातीवर बांधायचे. ज्याला सहज जमतं त्यानं सावकाश, चार मोजत खाली बसायचं. तिघं एकाच वेळी एकच व्यायाम करतात आणि तिघांचा भार वेगळा. अनुजाताई, 'एकच व्यायाम सगळ्यांना चालतो का' याचं उत्तर माझ्या मते इथं आहे.

दुखण्याचं काय करायचं? शून्य ते दहा असं मनात मोजा. करताना पाचापर्यंत गेलं तर घाबरू नका, पण चोवीस तासांत ते पहिल्या जागी यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी आवर्तनं कमी, व्यायाम बंद नाही. मात्र एखादाच सांधा अचानक लाल, गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. गुडघा अडकून बसत असेल किंवा अचानक दगा देत असेल तरी गटात यायच्या आधी तपासून घ्या.

खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवा. हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर मागं सरकतात, मी स्वतः एका आजींना पडताना बघितलंय.

मूळचा_सोलापूरचा | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

धन्यवाद डॉक्टर. उशी ठेवून उंची वाढवायची, एवढी साधी गोष्ट बाबांना कुणी सांगितली असती तर... असो. माझा विरोध मागं घेतो, पण दहा-बाराच्या वर जाऊ नका हे मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

कृष्णकमळ | ६ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

इथं सगळे झिजेबद्दल बोलतायत म्हणून माझी बाजू मांडते. मी ४१ वर्षांची आहे, मला रुमॅटॉइड आहे, म्हणजे ज्याला घरात आमवात म्हणतात तो. वयाचा संबंध नाही, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठले की तासभर मूठ वळत नाही. दुधाची पिशवी फोडायला मुलाला हाक मारते. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळं 'एवढ्या तरुण वयात काय झालं' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय याची गणती नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका गटात गेले. सकाळी सहाचा होता. सहा वाजता माझे सांधे उघडलेलेच नसतात. बाकीच्यांना वाटायचं ही आळशी आहे. मी सोडून दिलं. नंतर कंबर तलावाजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीनं संध्याकाळी साडेपाचचा गट काढला, सहा जणी, आणि तिथं मी टिकले. वेळेनं फरक पडला.

दुसरं म्हणजे तिथं आम्ही एक पद्धत लावली. आल्या आल्या प्रत्येकीनं बोट दाखवायची: एक बोट म्हणजे बरी आहे, दोन म्हणजे दुखतंय पण करते, तीन म्हणजे सांधे भडकलेत. तीन बोटं असली की त्या दिवशी जोराचं काही नाही. सुजलेला सांधा फक्त सावकाश, वेदनेच्या आत हलवायचा. पण यायचं मात्र. तीन बोटांच्या दिवशी मी नुसती खुर्चीत बसून इतरांचे आकडे मोजते. घरी असते तर पांघरूण डोक्यावर घेऊन रडले असते.

आणि कृपा करून कुणी 'व्यायाम चालू केलास ना, मग गोळ्या सोड' असं आमच्यासारख्यांना सांगू नका. माझ्या गोळ्यांमुळंच हात हलवता येतो, म्हणून व्यायाम करता येतो.

सांधेजोड | ६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

कृष्णकमळ, तीन बोटांची पद्धत मी माझ्याकडे उचलतेय, परवानगी गृहीत धरते.

तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. पूर्वी आमवाताच्या रुग्णांना 'जपून, आराम' एवढंच सांगायचे. नेदरलँड्समध्ये सुमारे तीनशे रुग्णांवर दोन वर्षं चाललेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, सव्वा-सव्वा तास, देखरेखीखाली गटात चांगला घाम काढणारा व्यायाम. दोन वर्षांनी त्यांची रोजची कामं करायची क्षमता सुधारलेली होती आणि मोठ्या सांध्यांचं नुकसान त्यामुळं वाढलेलं दिसलं नाही. ज्यांचे गुडघे-खांदे आधीच फार खराब झालेत त्यांनी मात्र सांभाळून, हे त्यातच होतं. मानेचे सांधे धरले असतील तर मान ताणणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

निवृत्त_कारकून | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

तेंदूपान यांचं लिखाण वाचून माझं मत थोडं बदललं. मी कचेरीत खुर्चीवर नोकरी केली, माझे गुडघे शाबूत राहिले यात माझं कर्तृत्व किती आणि नशीब किती याचा विचार काल पहिल्यांदा केला. तरी पण चालणं सोडू नका.

सांधेजोड | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.००

काका, चालणं हवंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम हालचाल सांगते, पण त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही सांगते आणि पासष्टीपुढं तीन दिवस तोल सांभाळण्याचे. नुसत्या चालण्यानं हे पुढचं होत नाही. तुम्ही एका पायावर दहा सेकंद उभे राहून बघा, भिंतीजवळ.

निवृत्त_कारकून | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

उजव्यावर नऊ. डाव्यावर चार. उद्यापासून करतो.

होटगीरोड | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

अवांतर: वजनाचं कुणीच कसं बोललं नाही? सासूबाईंना हुरड्याचे दिवस जवळ आलेत म्हणून आत्तापासून आनंद होतोय.

सांधेजोड | ७ नोव्हेंबर, रात्री १०.१०

हुरडा खाऊ द्या हो. हिशेब एवढाच लक्षात ठेवा: जाड आणि गुडघे झिजलेल्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी झाला. दिवसाची पावलं किती होतात ते मोजा. पण वजन उतरेपर्यंत व्यायाम थांबवू नका, दोन्ही सोबत.

शेंगाचटणी | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.००

अवांतरात अवांतर: आमच्याकडे पंगतीला मांडी घालूनच बसायचा हट्ट असतो. मागच्या महिन्यात जेवणाला आत्यानं खुर्ची मागितली तर चार जणांनी वळून बघितलं. म्हातारा माणूस खुर्चीवर बसून भाकरी खाल्ली तर भाकरीची चव जात नाही बे. घरात एक उंच खुर्ची आणि संडासात कमोड, एवढं तरी करा आपल्या माणसांसाठी.

तेंदूपान | ८ नोव्हेंबर, दुपारी २.५०

+१. आईसाठी जुन्या खुर्चीची बसायची जागा कापून घेतली, खाली बादली. सहाशे रुपयांत झालं. तिनं आठ दिवस वापरली नाही, लाज वाटते म्हणाली. शेजारणीनं येऊन विचारलं, 'मला पण अशीच करून देशील का?' त्या दिवसापासून वापरते.

अनुजा_जुळेसो | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कामाचं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं: मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेदहा. पाण्याचा दिवस आला तर त्या दिवशी सकाळी नाही, संध्याकाळी साडेपाच. एका फिजिओ ताईंना पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला वेगवेगळं तपासायला बोलावलंय, नंतर दर पंधरवड्याला येतील. महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये काढतोय. बारा जणी. कृष्णकमळ, बोटांची पद्धत आम्हीपण घेतलीय. सांगत राहीन.

शेंगाचटणी | २० डिसेंबर, सायंकाळी ७.१५

धागा वर काढतोय. अनुजाताई, गट चालू आहे का?

मागावरचा | २१ डिसेंबर, रात्री १२.१०

आमचा चालू आहे. थंडीत डावा गुडघा सकाळी जास्त आखडतो, पण सोडला नाही. एक जण आठ दिवस आला नाही म्हणून तिघं त्याच्या घरी गेलो. साखर वाढून पायाला जखम झाली होती, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नेलं. आता बरा आहे, खुर्चीवर बसून हातांचे व्यायाम करतो.

अनुजा_जुळेसो | १७ जानेवारी, रात्री १०.२०

उशीर झाला, माफ करा. दहा आठवडे पूर्ण झाले.

बारातल्या नऊ जणी टिकल्यात. एक मुलाकडे पुण्याला गेली, दोघींनी सोडलं. त्यातल्या एकीला खरंच जास्त दुखायला लागलं होतं, तपासल्यावर मूळ कंबरेच्या मणक्यात निघालं, तिचे उपचार वेगळे चालू आहेत. म्हणजे सगळ्यांना गट लागू पडतो असं मी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी फिजिओ ताईंनी तीस सेकंदांत हात न लावता किती वेळा खुर्चीतून उठता येतं ते मोजलं होतं. आईचे पाच झाले. तिच्या वयाच्या बाईला बारापेक्षा कमी म्हणजे कमीच धरतात, हे ऐकून ती घरी येऊन गप्प बसली होती. जिनं आयुष्यभर मुलांना गुण दिले तिला स्वतःचे पाच गुण सहन होईनात. परवा दहा झाले. दुखणं गेलं का? नाही. जिना उतरताना अजून उजवा गुडघा बोलतो. तेलाची बाटली मात्र संपलेली आहे आणि तिनं नवी आणायला सांगितलेलं नाही.

मधे एकदा आईनं दोन दिवस दांडी मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पाच जणी आमच्या दारात! आत आल्या, सोफा भिंतीला सरकवला आणि आमच्याच हॉलमध्ये चालू केलं. फ्रिजवरचा कागद तिथंच आहे. त्याच्यावर आता नऊ जणींचे फोन नंबर लिहिलेत.

आणि गड्डा, आपली सिद्धेश्वराची यात्रा. मागची तीन वर्षं आई अक्षता सोहळा टीव्हीवर बघायची, गर्दीत उभं राहवत नाही म्हणून. यंदा गटातल्या सहा जणी मिळून गेल्या. लवकर गेल्या, फोल्डिंगची दोन स्टुलं नेली, आळीपाळीनं बसल्या. आई म्हणाली, नंदीध्वज समोरून गेले तेव्हा ती उभी होती. रात्री पाय दुखले, गरम पाण्याची पिशवी घेतली, तीन बोटं दाखवली आणि झोपली. सकाळी एक बोट.

कृष्णकमळ | १७ जानेवारी, रात्री १०.४१

वाचून डोळ्यांत पाणी आलं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

सांधेजोड | १८ जानेवारी, सकाळी ७.४५

पाचाचे दहा म्हणजे खरंच छान. आता एक काम करा, आणखी सहा आठवड्यांनी परत मोजा आणि इथं लिहा. बहुतेक गट तीन-चार महिन्यांनी ढिले पडतात, त्यात एप्रिल-मे आला की सोलापूरच्या उन्हात साडेदहाला कुणी घराबाहेर पडणार नाही. आत्ताच उन्हाळ्याची वेळ ठरवून टाका. सकाळी सात ते पावणेआठ, आणि ज्यांचे सांधे सकाळी उघडत नाहीत त्यांच्यासाठी संध्याकाळी ऊन उतरल्यावर वेगळी बॅच.

अनुजा_जुळेसो | १८ जानेवारी, रात्री ९.०५

आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच फोन लावायला घेतलेत. संध्याकाळच्या बॅचला चार जणी तयार आहेत. देवळाच्या पुजारीकाकांनी विचारलंय की पुरुषांसाठीही काढणार का, त्यांचा खांदा वर जात नाही. होटगीरोड, सासूबाईंना मंगळवारी साडेदहाला पाठवा, येताना लाकडी खुर्ची आणायला सांगा. आमच्याकडे दोन कमी आहेत.